शेखावटीच्या रंगीत हवेल्या कॅमेऱ्यात कशा उतरवाव्यात

राजस्थानच्या झुंझुनू, सीकर आणि चुरू या जिल्ह्यांत पसरलेल्या शेखावटीत फोटो काढायला जाणारे बहुतेक जण पडझडीचे फोटो घेऊन परततात. मोडलेला झरोका, गंजलेले कुलूप, पोपडे सुटलेल्या भिंतीवर अर्धाच उरलेला हत्ती आणि शक्य झाल्यास समोर बसलेला पागोटेवाला म्हातारा, असा तो संच असतो. हे फोटो दिसायला चांगले असतात, परंतु ते नवलगढचे की रामगढचे, हत्ती कोणत्या प्रसंगातला आणि तो घराच्या कोणत्या भिंतीवर होता, हे त्यांतून काहीही कळत नाही. या हवेल्या वेगाने पडत आहेत, पाडल्या जात आहेत आणि सिमेंटखाली गाडल्या जात आहेत. म्हणून माझ्या मते इथे कॅमेरा घेऊन जाणाऱ्याने फोटो अशा क्रमाने आणि अशा बेताने काढावेत की ती भिंत नाहीशी झाल्यावरही फोटोवरून ती पुन्हा वाचता येईल. पुढील सर्व सूचना याच हिशेबाने दिल्या आहेत. देखणे फोटो याच शिस्तीतून मिळतात, असा अनुभव आहे.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे, कारण काय टिपायचे हे तिच्यावरूनच ठरते. गुजरातची बंदरे, दिल्ली आणि वायव्येकडचा प्रदेश यांच्यातील उंटांच्या तांड्यांच्या वाटा या भागातून जात आणि त्यावर इथले मारवाडी व्यापारी मोठे झाले. पुढे कंपनी सरकारची बंदरे आणि नंतर रेल्वे यांनी व्यापार कोलकाता व मुंबईकडे ओढून नेला, तसे शेठ लोकही तिकडे गेले. मात्र कुटुंबे गावीच राहिली आणि शहरात मिळवलेला पैसा गावातल्या हवेल्या, छत्र्या (घुमटाची स्मारके), विहिरी आणि मंदिरे बांधण्यात ओतला गेला. सर्वाधिक बांधकाम एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पहिल्या तीन दशकांत झाले. त्यानंतर कुटुंबेही शहरात स्थलांतरित झाली आणि घरे राखणदारांच्या हवाली झाली. मराठी वाचकाला ही नावे परकी नाहीत: माटुंग्याच्या रुईया आणि पोदार महाविद्यालयांची नावे ज्या घराण्यांवरून पडली, ती अनुक्रमे रामगढ आणि नवलगढची, आणि वर्ध्याचे जमनालाल बजाज १८८९ साली सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात जन्मले होते.

गावांची निवड आणि मुक्काम

पहिल्या खेपेस दोन गावे निवडावीत, सात नव्हे. जयपूरपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर असलेले नवलगढ हे मुक्कामासाठी सर्वांत सोयीचे आहे. तिथे रेल्वे स्थानक आहे, राहण्याची साधी सोय आहे आणि पायी फिरण्याच्या टप्प्यात बऱ्याच हवेल्या आहेत. मंडावा तिथून पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे. तिथे रेल्वे नाही, पर्यटक मात्र सर्वाधिक आहेत. फतेहपूर मंडाव्याच्या पश्चिमेला, त्याच्या उत्तरेला रामगढ आणि रामगढजवळ महनसर. चुरू शहर पूर्वी बिकानेर संस्थानात होते, तथापि चित्रांच्या दृष्टीने तो सारा एकच पट्टा आहे.

नवलगढमध्ये पहिला अर्धा दिवस पोदार आणि मोरारका या दोन संग्रहालय-हवेल्यांना द्यावा. १९०२ साली बांधलेल्या पोदार हवेलीतील चित्रे जीर्णोद्धारात उजळून काढलेली आहेत. मोरारका हवेलीत जुन्या रंगाला तुलनेने कमी हात लागला आहे. एकाच दिवशी दोन्ही पाहिल्याने नवा रंग आणि जुना रंग यांतील फरक डोळ्यांना कळू लागतो, आणि पुढे एखाद्या ओसाड हवेलीत गेल्यावर कोणती भिंत अस्सल आहे आणि कोणती अलीकडे ब्रश फिरवून ताजी केलेली आहे, हे कोणाला विचारावे लागत नाही. फतेहपूरला १८०२ साली बांधलेली आणि १९९८ मध्ये नादीन ल प्रिन्स या फ्रेंच चित्रकर्तीने विकत घेऊन जतन केलेली हवेली याच कारणासाठी पाहण्यासारखी आहे.

हंगामाविषयी मतभेद असू नयेत. मे-जूनमध्ये लू आणि धुळीची वादळे असतात; चुरूचे तापमान ५० अंशांपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत आणि अशा उन्हात कॅमेराही दमतो, माणूसही. डिसेंबरअखेर व जानेवारीत फतेहपूरचे किमान तापमान शून्याखाली जाते आणि सकाळी धुके दाटते, त्यामुळे पहाटेची वेळ अनेकदा वाया जाते. ऑक्टोबरचा उत्तरार्ध, नोव्हेंबर आणि फेब्रुवारी ते मार्चचा मध्य हा काळ उत्तम. पावसाळ्यात हवा धुतलेली असते, पण भिंती ओल धरतात आणि ओल्या भिंतीचा रंग हा तिचा खरा रंग नसतो.

छज्जा, सूर्य आणि दिशा

हवेलीच्या छायाचित्रणातील निम्मे यश उन्हाचा हिशेब कागदावर मांडण्यात आहे. शेखावटी साधारण २८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे डिसेंबरच्या अखेरीस भर मध्यान्हीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३८-३९ अंशांवर असतो, तर जूनच्या अखेरीस तो ८५ अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर येतो. आता दक्षिणाभिमुख भिंतीवर दोन फूट पुढे आलेला छज्जा घ्या. डिसेंबरच्या मध्यान्ही त्याची सावली भिंतीवर दीड फुटाच्या थोडी पुढे येते. जूनमध्ये तीच सावली पंचवीस फुटांच्या आसपास, म्हणजे सगळी भिंत झाकून खाली उतरते. ज्या चित्रपट्टीसाठी तुम्ही गेला आहात, ती नेमकी छज्जाखाली, त्याला आधार देणाऱ्या तोड्यांच्या मधल्या चौकटींत असते. त्यामुळे हिवाळ्यात तिच्यावर अर्धी सावली आणि अर्धे ऊन अशी कात्री पडते. ती कात्री टाळण्याचे दोन मार्ग आहेत: एक तर सूर्य त्या भिंतीवरून पूर्ण सरकेपर्यंत थांबावे, किंवा भिंत छायेत असताना समोरच्या रस्त्यावर आणि समोरच्या घरावर ऊन असेल अशी वेळ निवडावी. गल्लीतील पिवळसर वाळू आणि समोरची चुन्याची भिंत यांवरून परतणारा उजेड छज्जाच्या पोटात खालून शिरतो आणि तोड्यांवरचे लहानसे नगारेवालेही स्पष्ट दिसू लागतात. हा उजेड मला थेट उन्हापेक्षा नेहमीच अधिक प्रामाणिक वाटला आहे.

हिवाळ्यात सूर्य पूर्वेच्या पंचवीस-सत्तावीस अंश दक्षिणेला उगवतो आणि तितकाच दक्षिणेकडे झुकून मावळतो, म्हणून उत्तराभिमुख भिंतीवर दिवसभर थेट ऊन पडत नाही. या भिंती मधल्या वेळेसाठी, सकाळी दहा ते दुपारी तीनपर्यंत, राखून ठेवाव्यात. पूर्वाभिमुख दर्शनी भिंत सूर्योदयानंतर पहिल्या तासात आणि पश्चिमाभिमुख भिंत मावळतीपूर्वी घ्यावी, मात्र सोनेरी उन्हातील ती छायाचित्रे वास्तूच्या रूपासाठी असतात. चित्रांचे रंग नोंदवण्यासाठी तो उजेड निरुपयोगी आहे, कारण गेरूचा लाल आणि पिवळी माती त्यात एकसारखे नारिंगी होतात. पहिल्या दिवशी फक्त होकायंत्र घेऊन गल्ल्या फिराव्यात, प्रत्येक हवेलीचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते वहीत लिहावे आणि रात्री दुसऱ्या दिवसाचा क्रम लावावा.

दार कोण उघडते

ओसाड दिसणारी हवेली बहुधा ओसाड नसते. एखाद्या कोपऱ्यात राखणदाराचे कुटुंब राहत असते, आतल्या चौकात दोऱ्यांवर कपडे वाळत असतात, नोहऱ्यात म्हणजे जनावरांच्या वाड्यात म्हैस बांधलेली असते. मालकी अनेकदा चार-सहा शहरांत विखुरलेल्या वारसांत वाटलेली असते आणि किल्ली गावातल्याच कोणाकडे तरी असते. दारावर थाप मारून थेट कॅमेरा वर करणे हा उद्धटपणा आहे. आधी समोरच्या चहाच्या टपरीवर किंवा किराणा दुकानात विचारावे की ही कोणाची हवेली आणि ‘चाबी’ कोणाजवळ; मग दाराशी जाऊन ‘राम-राम सा’ म्हणावे, आपण कुठून आलो आणि भिंतीवरच्या चित्रांचे फोटो घ्यायचे आहेत हे हिंदीत साधेपणाने सांगावे. वयस्क राखणदाराला ‘बाबाजी’ किंवा ‘ताऊजी’ आणि वृद्ध स्त्रीला ‘माँजी’ म्हटलेले चालते. पैसे किती द्यायचे हे आत जाण्यापूर्वीच मोकळेपणाने विचारावे. पन्नास-शंभर रुपयांवरून बाहेर पडताना घासाघीस करणे दोघांनाही लाजिरवाणे होते.

घराची रचना समजली की परवानगीची मर्यादाही समजते. रस्त्यावरून उंच जोत्याच्या पायऱ्या चढून मोठ्या कोरीव दरवाजातून आत गेले की पहिला बाहेरचा चौक लागतो. हा मर्दाना, म्हणजे व्यवहाराचा भाग. त्याला लागून शेठजींची बैठक असते. दुसऱ्या दारातून आतला चौक लागतो, तो जनाना. बाहेरच्या चौकाची परवानगी म्हणजे आतल्या चौकाची परवानगी नव्हे, आणि घरात स्त्रिया असतील तर आतल्या चौकात कॅमेरा झाकून जावे आणि पुन्हा विचारावे. माणसांचे फोटो घेतल्यास त्यांना ते पडद्यावर दाखवावेत. फोटो पुढे विकायचे किंवा जाहिरातीत वापरायचे असतील, तर राखणदाराची तोंडी मान्यता पुरेशी नसते. मालकाची लेखी संमती घ्यावी. ड्रोनबाबत देशाचे २०२१ चे नियम आणि नकाशावरील क्षेत्रे आधी तपासावीत, आणि नियमाने परवानगी असली तरी उघड्या चौकावरून ड्रोन नेणे म्हणजे लोकांच्या घरात वरून डोकावणे होय, हे विसरू नये.

सामान

यादी लांबवण्याचे कारण नाही. मजबूत ट्रायपॉड, दूरस्थ बटण किंवा दोन सेकंदांचा टायमर, पूर्ण फ्रेम कॅमेऱ्यावर १६ ते ३५, एक ५० किंवा ८५ आणि एक ७० ते २०० मिलिमीटरची लेन्स इतके पुरते. वास्तूच्या उभ्या रेषा सरळ ठेवणारी शिफ्ट लेन्स असल्यास उत्तम, नसल्यास कॅमेरा पाणसळीत ठेवून थोडी मागून आणि मोठी चौकट घ्यावी. त्याखेरीज उजेडाचा रंग मोजण्यासाठी राखाडी कार्ड, फोटोतील रंग ताडून पाहण्यासाठी रंगांच्या चौकटींचे कार्ड, लहान मोजपट्टी, काळ्या कापडाचा दीड-दोन मीटर तुकडा, पांढरा थर्मोकोलचा पत्रा, रंग अचूक दाखवणारा एलईडी दिवा, डोक्याला बांधायची बॅटरी आणि वही-पेन्सिल. मोबाइल वापरणाऱ्याने मुख्य लेन्सच वापरावी, अतिरुंद लेन्स टाळावी, शक्य असल्यास रॉ पद्धतीत, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, टिपावे आणि पॅनोरामा मुळीच वापरू नये, कारण त्यात भिंत वाकते आणि चित्राची मापे हरवतात.

भिंत टिपण्याचा क्रम

प्रत्येक हवेलीत एकच क्रम पाळावा: गल्ली, दर्शनी भाग, दरवाजा, बाहेरचा चौक चारही बाजूंनी, बैठक, आतला चौक, मग वरचा मजला, आणि प्रत्येक जागी आधी पूर्ण भिंत, मग भिंतीचे भाग, मग एकेक चित्र, मग बारकावा. पहिला फ्रेम नेहमी वहीतील पानाचा घ्यावा, ज्यावर गाव, हवेलीचे स्थानिक नाव, भिंतीची दिशा, तारीख आणि वेळ लिहिलेली असेल. कंटाळवाणे वाटते, पण संध्याकाळपर्यंत सहाशे फोटोंत चौक एकमेकांत मिसळतात तेव्हा त्या पानाची किंमत कळते.

एखादे चित्र सपाट नोंदवायचे असेल तर कॅमेऱ्याची मागची बाजू भिंतीशी समांतर आणि लेन्स चित्राच्या मध्याच्या उंचीवर हवी. लेन्स ५० ते ८५ मिलिमीटर, छिद्र एफ/८, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि शटरचा वेग जो येईल तो. ट्रायपॉड असल्यामुळे त्याची चिंता नको. चित्राच्या कडेला, चित्रावर नव्हे, मोजपट्टी आणि रंगकार्ड धरून एक फ्रेम घ्यावा आणि मग ती काढून तोच फ्रेम पुन्हा घ्यावा. लांब भिंत असेल तर भिंतीला समांतर सरकत जावे आणि प्रत्येक फ्रेममध्ये मागच्याचा साठ-सत्तर टक्के भाग येऊ द्यावा. असे फ्रेम नंतर संगणकावर जोडता येतात आणि त्यांपासून भिंतीचे त्रिमितीय प्रतिरूपही करता येते.

उंचावरच्या चित्रपट्टीसाठी खालून कॅमेरा वर करणे हा शेवटचा पर्याय समजावा, कारण त्यात देवदेवतांचे पाय मोठे आणि डोकी लहान होतात. समोरच्या घराच्या गच्चीची परवानगी मागावी. शेखावटीत ती बहुधा चहासकट मिळते. तिथून १३५ ते २०० मिलिमीटरने पट्टी जवळजवळ समोरून येते. मंडाव्यात नेवटिया हवेलीच्या बाहेरच्या भिंतीवर राइट बंधूंचे विमान आणि टेलिफोनवर बोलणारा मुलगा अशी चित्रे आहेत. नवलगढच्या पोदार हवेलीत आगगाडी आहे. अशा प्रसिद्ध चित्रांचे नुसते जवळचे फोटो हजारो आहेत, त्यामुळे ते चित्र भिंतीवर कुठे, कशाच्या शेजारी आणि किती लहान आहे हे दाखवणारा फ्रेम अधिक मोलाचा ठरतो. बैठकीत कृष्ण आणि आगगाडी एकाच ओळीत बसलेले दिसतात, तेव्हाच त्या शेठजींच्या जगाची कल्पना येते.

रंग कशाने बनले आणि त्याचा एक्स्पोजरशी संबंध

बाहेरची बहुतेक चित्रे ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर काढलेली आहेत. चेजारे, म्हणजे गवंडीकाम आणि चित्रकाम दोन्ही करणारे कारागीर, गिलावा ओला असतानाच रंग भरत, तो ठोकून बसवत आणि शेवटी हकीक दगडाने घासून चमक आणत. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून कडक होतो आणि रंगाचे कण त्यात अडकतात, म्हणूनच शंभर-दीडशे उन्हाळे सोसूनही ती टिकली. आतील खोल्यांतील चित्रे मात्र पुष्कळदा सुक्या गिलाव्यावर, चिकटद्रव्यात कालवलेल्या रंगांनी काढलेली असतात. ती अधिक नाजूक असतात आणि बोट लागले तरी भुकटी सुटते.

जुन्या कामात गेरूचा लाल-तपकिरी, पिवळी माती, काजळी, नीळ आणि मातीचा हिरवा असे रंग दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातून तयार रंग येऊ लागले, तेव्हा भडक निळा आणि लाल भिंतींवर पसरले. याच सुमारास विषयही बदलले; राधाकृष्ण, रामायण आणि राजस्थानी प्रेमकथेतील ढोला-मारू यांच्या शेजारी टोप्या घातलेले साहेब, मोटारी आणि ग्रामोफोन आले. विसाव्या शतकात छापील चित्रांचा प्रभाव पडून चेहऱ्यांना छायाप्रकाश मिळाला. हे निळे-लाल कॅमेऱ्याला अवघड जातात. तीन रंगांचे वेगवेगळे हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाच्या वाटणीचे आलेख, पडद्यावर ठेवावेत, कारण एकत्रित आलेख ठीक दिसत असतानाही निळ्याचा किंवा लालचा आलेख उजव्या काठाला आदळलेला असतो आणि तिथला तपशील गेलेला असतो. अशा वेळी एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड, अर्ध्या ते एका स्टॉपने कमी करावे (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा).

व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगानुसार केलेली रंगांची जुळवणी, ऑटोवर ठेवू नये आणि भिंतीवरचा ‘पांढरा’ भाग निवडूनही ठरवू नये, कारण जुना चुना धुराने व धुळीने पिवळसर झालेला असतो. राखाडी कार्ड भिंतीजवळ, त्याच उजेडात धरून मोजावे. चौकात वरून निळसर आकाश, समोरच्या भिंतीवरून पिवळट परावर्तन आणि कोपऱ्यात राखणदाराची ट्यूबलाइट असे तीन उजेड एकत्र येतात. ट्यूबलाइट बंद करण्याची विनंती करावी, बाकीचे दोन कार्ड सांभाळून घेते.

हकीकने घासलेल्या गिलाव्यावर चकाकी येते. पोलरायझर हा लेन्सवरचा चकाकी कापणारा फिल्टर फिरवून ती जाईल असे सांगितले जाते, परंतु तो तिरक्या कोनातूनच, भिंतीच्या लंबापासून साधारण ५५ अंशांच्या आसपास, चांगला काम करतो. समोरासमोरून फोटो घेताना त्याचा फारसा उपयोग नसतो. तिथे चकाकी कुठून येते ते शोधून त्या दाराआड काळे कापड धरायला कोणालातरी उभे करावे. महनसरच्या ‘सोने-चांदी की दुकान’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पोद्दारांच्या दालनात छतावर सोन्याचा वर्ख वापरलेली चित्रे आहेत. धातूवर पोलरायझर चालतच नाही. कॅमेरा न हलवता पांढरा पत्रा दोन-तीन ठिकाणी धरून दोन-तीन फ्रेम घ्यावेत आणि त्यांतून सोन्याचे तेज व रेषा दोन्ही दिसणारा निवडावा. फ्लॅश तिथे वापरू नये. इतरत्रही त्याचा मोह टाळावा, कारण तो चकाकी आणतो आणि भिंतीचा पोत सपाट करतो.

घुमट

शेठांच्या आणि ठाकुरांच्या स्मरणार्थ बांधलेल्या छत्र्यांचे घुमट आतून रंगवलेले असतात. रामगढ आणि परसरामपुरा यासाठी पाहावेत. परसरामपुऱ्याच्या ठाकूर शार्दुलसिंहांच्या छत्रीतील चित्रे १७५० च्या सुमाराची, म्हणजे भडक रंग येण्याच्या कितीतरी आधीची आहेत. घुमटात अनेकदा रासमंडळ असते, आणि कॅमेरा मध्यापासून थोडा जरी ढळला तरी ते वर्तुळ लंबगोल होते. हातात कॅमेरा धरून मान वर करण्याऐवजी हे करावे: घुमटाच्या मध्याखाली फरशीवर लहान ट्रायपॉड ठेवावा, लेन्स सरळ वर करावी, पाणसळ तपासावी, चौकटीच्या चारही कडांपासून घुमटाच्या काठाचे अंतर सारखे आहे की नाही ते पडद्यावर पाहावे, कॅमेरा बोटभर सरकवून ते सारखे करावे, टायमर लावून स्वतः खांबाआड जावे. घुमटाच्या कमानींतून येणारा उजेड आणि वरचा अंधार यांत फार तफावत असते, म्हणून दोन-दोन स्टॉपच्या फरकाने पाच फ्रेम घ्यावेत. मध्यभागी शिवलिंग किंवा पादुका असतील तर पादत्राणे बाहेर ठेवावीत आणि कॅमेरा त्यांच्यावर टेकवू नये. मध्य थोडा चुकला तरी चालेल.

पडझड वाचता यावी म्हणून

पडझडीचे कारण दिसावे असा फोटो घेणे हे या कामातले सर्वांत दुर्लक्षित अंग आहे. जमिनीपासून दोन-चार फुटांपर्यंत चित्र गेलेले आणि त्यावर पांढरी भुकटी आलेली दिसली तर तो लोणा आहे: पायातून चढलेली ओल क्षार घेऊन येते, पाणी उडून जाते, क्षार गिलाव्याच्या आत स्फटिक बनून त्याला बाहेर ढकलतात. छताजवळून खाली उतरलेला काळपट ओघळ हा गळक्या गच्चीचा किंवा तुंबलेल्या पन्हळीचा. सिमेंटच्या ठिगळाभोवती चुना सुटत असेल तर ठिगळच दोषी असू शकते, कारण सिमेंट ओल बाहेर जाऊ देत नाही. अशा जागी एक फ्रेम समोरून आणि एक बाजूने तिरका उजेड टाकून घ्यावा. एलईडी दिवा भिंतीला जवळजवळ चिकटून, दहा-पंधरा अंशांच्या कोनात धरला की फुगलेला गिलावा, भेगा आणि कारागिराने आखणीसाठी दाबून काढलेल्या रेषा उठून दिसतात. समोरून फिकट वाटणाऱ्या चित्राची मूळ आखणी अशी अचानक दिसते, तेव्हा त्या भिंतीपुढून हलावेसे वाटत नाही.

एक सवय मात्र कठोरपणे टाळावी. काही वाटाडे पर्यटकांना रंग ‘खुलवून’ दाखवण्यासाठी भिंतीवर बाटलीतले पाणी मारतात. क्षणभर रंग खरोखर गडद होतात आणि फोटो छान येतो, पण तेच पाणी आतल्या क्षारांना पुन्हा विरघळवून पृष्ठभागाकडे आणते. वाटाड्याला आधीच हात जोडून नको म्हणावे. भिंत कापडाने पुसू नये, जळमटे काठीने काढू नयेत, ट्रायपॉडचा पाय भिंतीला टेकवू नये आणि सुटलेला पोपडा ‘आठवण’ म्हणून खिशात टाकू नये.

स्वतःची सुरक्षितताही पाहावी. वरच्या मजल्याची फरशी मध्ये खचलेली असेल किंवा छताच्या दगडी पट्टीला तडा असेल तर तिथे जाऊ नये. गच्चीचे कठडे टेकण्याजोगे नसतात. बंद खोल्यांत कबुतरांची विष्ठा साचलेली असते, म्हणून तोंडाला मुखपट्टी लावावी. झरोक्याखाली आग्या मोहोळ असते, तेव्हा दिवा तिकडे वळवू नये. एकट्याने ओसाड हवेलीत वर चढू नये.

परतल्यावर

संपादनात संयम हवा. रंगकार्डाच्या फ्रेमवरून रंग एकदा बसवावा आणि त्याच उजेडातील सर्व फोटोंना तोच लावावा. अनेक एक्स्पोजर जोडताना सावल्या पूर्ण उघडण्याचा मोह होतो आणि मग हवेली प्लास्टिकची दिसू लागते; चौकाचा कोपरा डोळ्यांना अंधारा दिसला होता, तर फोटोतही तो थोडा अंधारा असू द्यावा. उभ्या रेषा सरळ कराव्यात, परंतु भिंत खरोखरच बाहेर झुकलेली असेल तर ती सरळ करू नये. तो झुकाव हीच माहिती आहे. पडलेले भाग भरून काढणारी संगणकीय साधने नोंदीच्या फोटोंवर वापरू नयेत. मूळ रॉ फाइल, रंग बसवलेली प्रत आणि समाजमाध्यमासाठीची प्रत या तीन वेगवेगळ्या ठेवाव्यात.

फाइलच्या नावात गाव, हवेली, चौक, दिशा आणि वर्ष असावे, उदाहरणार्थ ‘रामगढ-नाव-बाहेरचाचौक-उत्तर-२०२५-०१२’. ब्रिटिश अभ्यासक इलाय कूपर यांनी १९८० च्या दशकात इंटॅक या वारसा-जतन करणाऱ्या संस्थेसाठी शेखावटीतील रंगवलेल्या इमारतींची पद्धतशीर नोंद केली होती. तुमच्या फोटोंना तारीख आणि जागा असेल तरच ते अशा जुन्या नोंदींशेजारी ठेवून पाहता येतील.

प्रसिद्ध करताना एक काळजी घ्यावी. बंद आणि राखण नसलेल्या हवेल्यांतून कोरीव दरवाजे, चौकटी आणि झरोके काढून विकले जातात. अशा घराचा फोटो टाकताना त्यातील जीपीएस माहिती काढून टाकावी, गावाचे नाव द्यावे पण गल्ली सांगू नये, आणि कुलूप किंवा मागचे पडके दार दिसणारा फ्रेम स्वतःकडेच ठेवावा. उघड्या असलेल्या संग्रहालय-हवेल्यांना ही अडचण नाही. तिथे नाव आणि पत्ता जरूर द्यावा. मालकाचा पत्ता मिळाला तर त्यांच्या घराच्या सर्व फोटोंची एक प्रत पाठवावी, कारण शहरात वाढलेल्या पुढच्या पिढीतील अनेकांनी ते घर आतून पाहिलेलेच नसते. राखणदाराच्या कुटुंबाचे फोटो मात्र मोबाइलवर पाठवून थांबू नये. पोस्टकार्डाच्या मापाच्या छापील प्रती काढून त्यांच्या नावे हवेलीच्याच पत्त्यावर टपालाने पाठवाव्यात.